गल्लीतले नवे एलईडी लाईट, एक पावसाळा काढल्यावरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो, कारणं खाली सविस्तर आहेत. दिव्याला ५ पैकी ४, बसवण्याच्या कामाला २, नंतरच्या सर्व्हिसला १. हा रिव्ह्यू नुसता तक्रारीचा समजू नका, कारण लाईट लागल्यापासून गल्लीत जो फरक पडलाय तो खरंच मोठा आहे. पण काम अर्धवट झालंय आणि मला ते नीट झालेलं बघायचंय, शिवाय ज्यांच्या गावात हे दिवे अजून बसायचेत त्यांनी बिल पास व्हायच्या आधी खांबाखाली उभं राहून काय काय बघावं हे कळावं म्हणून एवढं टाईप करत बसलोय.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, बेळगुंदीच्या पुढे जांबोटीच्या अंगाला. इकडचा पाऊस माहीत असेल तुम्हाला, जून लागला की सप्टेंबर संपेपर्यंत चुलीवर धरल्याशिवाय कपडे वाळत नाहीत. मी उद्यमबागेत एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, सेकंड शिफ्ट सुटून घरी पोचायला मध्यरात्र होते, त्यामुळे रस्त्यावरचा लाईट हा माझ्या रोजच्या उपयोगाचा विषय आहे आणि त्यातलं बऱ्यापैकी कळतंही. कंत्राटदाराचं नाव घालत नाही, आसपासच्या गावांत दुसऱ्यांनी केलेली कामं पण बघितली, हेच प्रकार तिथंही आहेत, म्हणून बोलायचंय ते कामाबद्दल.

गेल्या उन्हाळ्यात पंचायतीने गावातल्या सगळ्या खांबांवरच्या जुन्या ट्यूब काढल्या आणि गल्लीत २० वॅटचे, देवळापुढच्या चौकात आणि बस स्टॉपला ४५ वॅटचे एलईडी बसवले. जुन्या पट्टीची गोष्ट अशी की ४० वॅटची ट्यूब आणि तिला तांब्याचा चोक, तो चोक स्वतःच १२ ते १५ वॅट खातो, म्हणजे एका खांबाला ५५ वॅट धरायचे. १२ तास जळाली तर ०.६६ युनिट. नवा दिवा तेवढ्याच वेळात ०.२४ युनिट. ६० खांब धरून महिन्याचा हिशेब केला तर जुन्याचे जवळजवळ १२०० युनिट आणि नव्याचे ४३२. हे बिल पंचायत भरते म्हणजे आपल्याच पैशातून जातं, घरपट्टीतून आणि सरकारकडून येणाऱ्या फंडातून, त्यामुळे तिथे वाचलेला पैसा गटारीला नाहीतर पाण्याच्या मोटरीला वापरता येतो. काही लोकांना वाटतंय की कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत घरचे २०० युनिटपर्यंत फ्री झाले तसं रस्त्याचं पण फ्री असेल, तसं नाहीये, ती योजना घरांना आहे. रस्त्याच्या दिव्यांचं मीटर वेगळं, टॅरिफ वेगळं, एलटी ६ बी म्हणतात ते, आणि दर केईआरसी, म्हणजे राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो.

उजेड चांगला आहे, एकदम पांढरा. ट्यूब थंडीत फडफडायची, पेटायलाच दहा मिनिटं घ्यायची, व्होल्टेज कमी असलं की नुसती टोकं लाल होऊन बसायची, ते सगळं गेलं. शेजारच्या आक्का म्हणाल्या, "आता पायाखाली काय हाय ते तरी दिसतंय रे बाबा." पावसाळ्यात आमच्याकडे घोणस रस्त्यावर येऊन बसते, चिखलाच्या रंगात ती दिसत नाही, त्यामुळे आक्कांचं हे बोलणं वरवरचं नाही. पोरी क्लासवरून सात साडेसातला चालत येतात, डेअरीला दूध घालायला पहाटे बाया जातात, सगळ्यांना फरक पडलाय.

मग ४ का, ५ का नाहीत? दोन कारणं. एक म्हणजे डोळ्यावर येतो. आर्म, म्हणजे दिवा अडकवलेला जो वाकडा पाईप, तो बऱ्याच खांबांवर इतका वर उचललाय की दिव्याचं तोंड रस्त्याकडे न राहता समोरच्या घराच्या माडीकडे झालंय. आक्कांच्या घरात रात्रभर भिंतीवर पांढरा पट्टा पडतो, त्यांनी खिडकीला पोतं बांधलंय. गाडीवरून येताना पण समोरून डोळ्यात घुसतो आणि पुढचा खड्डा दिसत नाही. दिवा थोडासा तिरका चालतो, पाच-दहा डिग्री, एवढा वर नाही. क्लॅम्पचे दोन बोल्ट ढिले करून फिरवायचं काम आहे, शिडीवर माणूस चढलेलाच असतो तेव्हा खाली एकाने उभं राहून बघितलं असतं तरी झालं असतं.

दुसरं म्हणजे मधला अंधार. कारखान्यातलं लक्स मीटर, म्हणजे जमिनीवर पडणारा उजेड मोजायचं यंत्र, एका रात्री घेऊन आलो आणि गल्लीत मोजत फिरलो. खांबाच्या बरोबर खाली १५ च्या आसपास, आणि दोन खांबांच्या मधोमध १ पण भरत नाही. कमी वर्दळीच्या आतल्या रस्त्यांना सरासरी ४ लक्स असावा असं आपल्याकडचं आयएस १९४४ हे रस्त्याच्या दिव्यांचं भारतीय मानक सांगतं, मोठ्या रस्त्यांना ८, १५, ३० असा तो आकडा चढत जातो. आमची सरासरी काढली तर कदाचित बसेलही त्यात, पण सरासरीवर चालता येत नाही, डोळा एकदा खांबाखालच्या उजेडाला सरावला की पुढचा पट्टा आणखीनच काळा दिसतो. यात दिव्याचा दोष कमी. आमचे खांब एकमेकांपासून चाळीसेक मीटरवर आहेत, कारण ते वायर ओढायसाठी उभे केलेत, दिव्यासाठी नाही. दिवा जिथं खांब आहे तिथंच बसतो. म्हणून अशा ठिकाणी निदान उजेड लांब आडवा फेकणारी लेन्स असलेलं फिटिंग घ्यायला पाहिजे होतं, आमच्याकडे आलंय ते सरळ खाली गोल पाडणारं. ऑर्डर देताना वॅट बघतात आणि रेट बघतात, लेन्स कुणी विचारत नाही.

आता ही वीज खांबावर येते कशी ते थोडं सांगतो, कारण हे कळल्याशिवाय तक्रार कुठे करायची तेच कळत नाही आणि लोक चुकीच्या दारात भांडत बसतात. आपल्या जिल्ह्याला हेस्कॉम वीज देते, ऑफिस हुबळीला. वरच्या मोठ्या लाईन केपीटीसीएलच्या, म्हणजे राज्याच्या वीज वाहून आणणाऱ्या कंपनीच्या. सबस्टेशनमधून ११ केव्हीचा फिडर, म्हणजे ११ हजार व्होल्टची लाईन गावात येते, टीसीवर म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर उतरते आणि टीसीतून थ्री फेज निघते, एक फेज आणि न्यूट्रल धरून आपल्या घरात २३० व्होल्ट. खांबावर मान वर करून बघा, उघड्या वायरी असतील तर चार नाही, बऱ्याच ठिकाणी पाच दिसतील. तीन फेज, एक न्यूट्रल आणि पाचवी स्ट्रीट लाईटची. ही पाचवी वायर टीसीजवळच्या स्विचवरून निघते आणि गावभर फिरते, स्विच टाकला की तिच्यात फेज येतो, काढला की जातो, आणि प्रत्येक खांबावरचा दिवा या वायरीवर आणि न्यूट्रलवर जोडलेला असतो. म्हणून तर एका जागी खटका दाबला की सगळं गाव उजळतं. दिवसा ती बंद असते असं धरून कुणी तिला हात लावू नये, कुणीतरी घरातून आकडा टाकलेला असतो नाहीतर कुठेतरी फांदीने दोन वायरी टेकलेल्या असतात आणि ती गपचूप जिवंत असते. ज्या गल्ल्यांत उघड्या वायरी काढून काळी एबी केबल, म्हणजे इन्सुलेशनवाल्या वायरींची वेणी टाकलीय तिथं पण तीच व्यवस्था आहे, केबलच्या वेणीत तीन जाड फेज, एक बारीक स्ट्रीट लाईटचा कोअर आणि सगळ्यांचं वजन पेलणारी एक मेसेंजर वायर. तीन फेज ५० स्क्वेअर एमएमचे असतील तर स्ट्रीट लाईटचा कोअर १६ चा.

आता मालकी. टीसी, खांब आणि वायर हेस्कॉमची. दिवा, आर्म, दिव्यापासून लाईनपर्यंतची बारीक वायर आणि चालू-बंद करायचं पॅनल हे पंचायतीचं, बेळगाव शहरात महानगरपालिकेचं. म्हणजे एकच दिवा बंद असेल तर पंचायत. घरातला लाईट आहे पण रांगेतले सगळे दिवे बंद आहेत तर बहुतेक पॅनल, म्हणजे परत पंचायत. घरं आणि रस्ता दोन्ही काळं, किंवा वायर तुटून खाली पडलीय, ठिणग्या उडतायत, तर सरळ १९१२ ला फोन करायचा, आणि वायरीपासून लांब राहायचं, पोरांना आणि जनावरांना लांब ठेवायचं. गावातली अर्धी भांडणं ही या मालकीच्या गोंधळातली आहेत. लाईनमनच्या घरी जाऊन "आमचा दिवा का लावत नाही" म्हणून ओरडतात, त्याच्या हातात दिवाच नसतो.

बसवण्याच्या कामाला २ दिलेत त्याचं आता सांगतो. वळवाचा पहिला पाऊस आला, दणकून गारा आल्या, आणि आमच्या गल्लीचे दिवे डोळे मिचकवायला लागले. दोन-चार दिवसांत काही बंदच पडले. कंत्राटदाराच्या माणसाला फोन केला तर "अण्णा आमचं काम बसवायचं होतं, बसवून झालं, तुम्ही पंचायतीत बोला." पंचायतीत बोललो तर वॉरंटी कंत्राटदाराकडे आहे, पत्र पाठवलंय. शेवटी आमच्या भागाचे लाईनमन मामा दुसऱ्या एका कामासाठी एलसी, म्हणजे लाईन बंद ठेवायची परवानगी घेऊन चढलेच होते, त्यांना म्हटलं मामा जरा इथला बघा की. त्यांनी वरून ओरडून सांगितलं, "पिळून सोडल्यात नुसतं! क्लॅम्प कुठं हाय हितं?"

दिव्याची तांब्याची बारीक वायर लाईनच्या ॲल्युमिनियमच्या वायरीवर नुसती चार वेढे पिळून गुंडाळलेली होती. तांबं आणि ॲल्युमिनियम असं उघड्यावर एकमेकाला लावलं आणि त्यावर पाणी पडत राहिलं की ॲल्युमिनियम खात जातं, वर पांढरी भुकटी येते, जॉईंट ढिला होतो, ठिणगी पडते, आणि ती प्रत्येक ठिणगी दिव्याच्या ड्रायव्हरला, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज करून देणाऱ्या आतल्या सर्किटला, फटका असते. यासाठी पीजी क्लॅम्प मिळतो, दोन्ही वायरी खोबणीत घालून बोल्टने आवळायच्या, तांबं-ॲल्युमिनियमसाठी बायमेटलचा वेगळा येतो. एबी केबल असेल तर दातेरी कनेक्टर असतो, तो आवळला की दात इन्सुलेशन फोडून आतल्या तारेला लागतात, केबल सोलायची गरज नाही. महाग वस्तू नाहीत या. दिव्याच्या किमतीपुढे तर काहीच नाहीत. आणि त्याच्यावर सगळ्या दिव्याचं आयुष्य अवलंबून आहे.

एक बंद पडलेला दिवा मामांनी खाली दिला, मी घरी नेऊन उघडला. बाहेरून पेटीवर आयपी ६६ छापलंय, म्हणजे धूळ आणि पाण्याचा मारा आत जाऊ नये, आणि तो दावा खोटा नाही, काचेच्या बाजूचं रबर मस्त होतं, कोरडं. पण जिथून वायर आत जाते तिथं ग्लँड, म्हणजे वायरीभोवती भोक बंद करणारा नट, आवळलाच नव्हता, भोक अर्धं उघडं, आणि वायर वरून सरळ उतरत आत गेलेली. वायरीवरून ओघळणारं पाणी सरळ पेटीत. आत ड्रायव्हरवर हिरवट बुरशी, सर्ज प्रोटेक्टरची, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका झेलणारी, निळी चकती मधोमध तडकून काळी पडलेली, बाजूला उडून आलेले मेलेले किडे चिकटलेले. एलईडीच्या सगळ्या चिप मात्र शाबूत. बॅटरीवर लावून बघितल्या, सगळ्या पेटल्या. म्हणजे जो दिवा हजारो तास चालेल म्हणून विकत घेतला तो दिवा मेला नाही, त्याचा ड्रायव्हर मेला, आणि तोही एक ग्लँड आवळला नाही आणि वायरीला आत जायच्या आधी खाली एक झोळ दिला नाही म्हणून. झोळ दिला की पाणी झोळाच्या बुडातून टपकतं, पेटीकडे जातच नाही. ही गोष्ट कुठलाही वायरमन पहिल्या वर्षी शिकतो.

न्यूट्रलचं वेगळं प्रकरण. जुलैत एका रात्री खालच्या गल्लीतले बरेच दिवे एकदम लख्ख झाले आणि गेले, सोबत तिघांचे टीव्ही आणि एकाचा फ्रिज. न्यूट्रलचा जम्पर, म्हणजे खांबावर दोन वायरी जोडणारा तुकडा, सुटला होता. न्यूट्रल तुटला की तीन फेजवरची घरं एकमेकांशी सिरीजमध्ये लागल्यासारखी होतात, ज्या फेजवर लोड कमी तिथं व्होल्टेज चढतं, ३००, ३५०, अगदी ४०० च्या घरात जाऊ शकतं. साधा ड्रायव्हर ३०० च्या आसपासपर्यंत टिकतो. पण असे पण ड्रायव्हर मिळतात की जे व्होल्टेज फार चढलं की, अगदी ४४० आले तरी, न जळता स्वतःच बंद होतात आणि व्होल्टेज नॉर्मल झालं की परत चालू होतात. खेड्यातल्या लांबलचक लाईनवर हेच घ्यायला पाहिजेत, कारण पावसात झाड पडणं, जम्पर सुटणं, वीज पडणं हे आमच्याकडे दरवर्षीचं आहे, कुणाची चूक असो नसो. पंचायत मेंबरांना माझं सांगणं आहे की पुढच्या वेळी कोटेशन मागवताना वॅटच्या खाली दोन ओळी लिहा, ४४० व्होल्टची कट ऑफ आणि १० केव्हीचं सर्ज प्रोटेक्शन. दोनच ओळी.

पॅनल. आधी आमच्या गावात वॉटरमन संध्याकाळी पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवून येताना टीसीजवळचा खटका टाकायचा आणि सकाळी काढायचा. तो लग्नाला गेला की गाव अंधारात नाहीतर दिवसभर लाईट चालू. आता लोखंडी पेटी बसवलीय, आत मीटर, एमसीबी, कॉन्टॅक्टर म्हणजे सगळे दिवे एकदम चालू-बंद करणारा मोठा स्विच, आणि टायमर. कल्पना एकदम बरोबर. पण टायमर साधा घड्याळाचा लावलाय, साडेसहाला चालू, सहाला बंद असा. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य मावळतो सातच्या पुढे आणि नोव्हेंबरमध्ये सहाच्या ठोक्याला. म्हणजे जूनमध्ये अर्धा तास फुकट जळणार आणि नोव्हेंबरमध्ये पोरं अर्धा तास अंधारात चालणार, आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला बंद होतात तेव्हा उजाडायला अजून वेळ असतो, डेअरीला जाणाऱ्या बाया नेमक्या त्याच वेळेला रस्त्यावर. वर आणि टायमरच्या आतली बटण बॅटरी बाद निघाली, मग काय, लाईट गेली की घड्याळ थांबायचं आणि आली की तिथूनच पुढे चालायचं. जुलैत रोज तासंतास लाईट जायची, सरकत सरकत घड्याळ इतकं मागं पडलं की दुपारी बारापर्यंत सगळं गाव पेटलेलं. ६० दिव्यांचं मिळून बाराशे वॅट, सहा तास म्हणजे सात युनिटच्या वर रोज, एलईडीने वाचवलं त्यातला पाव भाग असा गेला.

याच्यावर उपाय आहे आणि तो नवा पण नाही, ॲस्ट्रॉनॉमिकल टायमर म्हणतात. त्याला गावाचे अक्षांश-रेखांश आणि तारीख एकदा भरायची, आमच्याकडे साधारण १५.८ आणि ७४.४, मग तो स्वतःच रोजची सूर्यास्त-सूर्योदयाची वेळ काढून त्याप्रमाणे लाईट लावतो, कुणाला ऋतूप्रमाणे सेटिंग बदलायला नको. उजेड ओळखणारा सेन्सर लावला तरी चालतं असं काही जण म्हणतात, पण आमच्या पावसात दुपारी तीनला काळोख होतो आणि सेन्सरवर शेवाळ धरतं, म्हणून मी टायमरच्या बाजूने आहे. आमच्यात शेवटी मेंबरांनी स्वतः बेळगावात जाऊन टायमर आणला आणि गावातल्याच वायरमनकडून बसवून घेतला. गणपतीच्या आधी हे झालं आणि तेव्हापासून एकदाही तक्रार नाही. त्या मेंबरांचे मनापासून आभार, त्यांनी पत्राच्या उत्तराची वाट बघत बसणं सोडलं.

अर्थिंगवर जरा थांबतो, कारण बाकी सगळं पैशाचं आहे, हे जिवाचं आहे. आमच्याकडे बरेच खांब सिमेंटचे, पण चौकात आणि शाळेजवळ ४५ वॅटचे दिवे लावायला लोखंडी पोल उभे केले. एकाला पण अर्थिंग केलेलं नव्हतं. कागदावर आहे म्हणे. पोलच्या बुडाशी जीआय पट्टी जमिनीत जाताना दिसली पाहिजे, नाही दिसली तर नाहीये. आमच्या भागातली जमीन जांभ्याची, उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत, तिच्यात करंट सहज जिरत नाही, म्हणून इथं खड्डा खोल पाहिजे, पाईप पाहिजे, कोळसा-मीठ पाहिजे आणि वर पाणी घालायला तोंड पाहिजे. शाळेजवळच्या पोलला पावसात हात लावला तर मुंग्या यायच्या, पोरं गंमत म्हणून एकमेकांना लावायला सांगायची. टेस्टर लावला तर पेटला. पोलच्या पोटातून वर गेलेली वायर दाराच्या पत्र्याला घासून सोललेली होती. त्याच दिवशी तो पोल बंद करून घेतला, काटेरी झुडूप लावून वाट अडवली आणि हेडमास्तरांना सांगितलं. आता तीन पोलना अर्थिंग झालंय, एकाचं राहिलंय, तो अजून बंदच ठेवलाय आणि तोपर्यंत बंदच राहू दे. लोकांनी पण खांबाला म्हैस बांधणं, कपड्याची तार बांधणं, बॅनर तारेने आवळणं हे थांबवलं पाहिजे, आणि ताण दिलेली जी स्टे वायर असते तिला तर गाई-म्हशी अंग घासतात, तिथं आजूबाजूला कुंपण घातलेलं बरं.

सर्व्हिसला १ का दिला ते वर आलंच. पाच वर्षांची वॉरंटी म्हणून दिव्यावर स्टिकर आहे, पण फोन कुणाला करायचा तो नंबर पेटीच्या आत, आणि पेटीला कुलूप. बाहेर जे काही लिहिलंय ते कन्नड आणि इंग्रजीत, आमच्या गल्लीतल्या वयस्क माणसांना दोन्ही वाचता येत नाही. आमच्या मंडळाच्या पोरांनी मग एक चांगलं काम केलं, प्रत्येक खांबावर पेंटने नंबर घातला आणि पॅनलच्या बाजूच्या भिंतीवर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलं, दिवा बंद असेल तर अमुक नंबरला खांब नंबर सांगा, वायर पडली तर १९१२. आधी फोनवर "ते आमच्या परसाकडचा, चिंचेपासून दुसरा" असं चालायचं, आता "चौदा नंबर" म्हटलं की झालं. कंत्राटदाराने बदलून दिलेले दिवे मोजकेच, तेही तीनदा फोन केल्यावर, आणि बदलताना परत तसंच पिळून गेले, मग मामांनी पुढच्या एलसीत क्लॅम्प घातले. क्लॅम्प आम्ही गल्लीने वर्गणी काढून आणले. क्लॅम्प घातलेल्या खांबांवरचा एकही दिवा त्यानंतर गेलेला नाही, अख्खा ऑगस्ट धो धो पडून सुद्धा.

देशभरात रस्त्यावर एलईडी लावायचा कार्यक्रम जानेवारी २०१५ ला सुरू झाला, बेळगाव तर स्मार्ट सिटीच्या २०१६ च्या पहिल्याच यादीत होतं, शहरात कॉलेज रोडला रात्री गेलात तर उजेड बघून बरं वाटतं. बेंगळुरात तर ५ ऑगस्ट १९०५ ला शिवनसमुद्रच्या विजेवर रस्त्यावरचे दिवे लागले, तेव्हा आपण मुंबई इलाख्यात होतो. पण आमच्या शेतवाडीच्या रस्त्यावर आजही एक दिवा नाही. तिथं बारा-पंधरा घरं आहेत, पोरं शाळेला गावात येतात, आणि दर वेळी उत्तर एकच मिळतं की तिथं लाईटच रात्रभर नसते. ते खरं पण आहे. निरंतर ज्योती योजनेत गावचा फिडर आणि शेतीच्या पंपांचा फिडर वेगळा केला, गावाला त्याने चांगली वीज मिळाली, पण शेतवाडीची घरं पंपाच्या फिडरवर राहिली आणि त्या फिडरला थ्री फेज सात तास, ती कधी दिवसा कधी रात्री. त्या लाईनवर रस्त्याचा दिवा लावून उपयोग नाही. सोलरचा एक पोल मागे लावला होता, आमच्या पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नाही, बॅटरी चार्जच होत नाही, दोन पावसाळ्यांत ती बसली आणि नंतर कुणीतरी काढून नेली.

म्हणून ग्रामसभेत लिहून दिलंय की गावच्या टीसीवरून फक्त स्ट्रीट लाईटची वायर आणि न्यूट्रल एवढंच ओढ्याच्या पुलापर्यंत न्यावं, पंपाच्या लाईनला हात लावायचा नाही. २० वॅटचे दहा दिवे म्हणजे २०० वॅट, एक ॲम्पियर सुद्धा होत नाही, एवढ्या लांब नेलं तरी व्होल्टेज पडायची भीती नाही, आणि गावच्या पॅनलच्याच टायमरवर ते पण लागतील. जुने सिमेंटचे खांब निम्म्या वाटेपर्यंत आहेतच, पुढे पाच नवे लागतील. एस्टिमेट काढण्यासाठी हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसला पंचायतीचं पत्र गेलंय, आणि कोटेशनमध्ये या वेळी पीजी क्लॅम्प, ग्लँड, अर्थिंग आणि ४४० व्होल्टची कट ऑफ हे चारही शब्द मेंबरांनी माझ्यासमोर लिहून घेतलेत. काम झालं की याच्याच खाली अपडेट टाकतो.